समजावून सांगता सांगता

प्रस्तावना

भौतिकशास्त्राची उदाहरणे सोडवताना अडला नाही असा विद्यार्थी सापडणे कठीण. नियमित शाळेत जाणाऱ्या मुलाला अडले तर वर्ग असतो, शिक्षक असतात, शेजारच्या बाकावर मित्र असतो. मुक्त विद्यालयात शिकणाऱ्यांची स्थिती वेगळी असते. दिवसभराचे काम आटोपून, घरातील सर्वांची जेवणे झाल्यावर ते पुस्तक उघडतात. एखादे उदाहरण तिसऱ्या ओळीशी अडते. संपर्क वर्ग अजून आठ दिवसांवर असतो. अशा वेळी पुस्तक मिटून ठेवावे आणि 'हा विषय आपला नव्हे' असे ठरवून टाकावे, हा मोह फार मोठा असतो. अनेकांचे शिक्षण याच वळणावर थांबते.

या अडचणीवर एक जुना आणि बिनखर्चाचा उपाय आहे. तो म्हणजे सहाध्यायींनी एकत्र बसून एकमेकांना मदत करणे. मात्र ही मदत कशी करावी, यालाही एक शास्त्र आहे. चुकीच्या रीतीने केलेली मदत घेणाऱ्याचे नुकसान करते. योग्य रीतीने केलेली मदत घेणाऱ्याइतकीच देणाऱ्यालाही उपयोगी पडते. प्रस्तुत पाठात आपण याच विषयाची माहिती करून घेणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही:
• सहाध्यायींच्या मदतीने होणाऱ्या अभ्यासाचे स्वरूप सांगू शकाल;
• उत्तर देणे आणि समजावून सांगणे यांतील फरक उदाहरणासह स्पष्ट करू शकाल;
• भौतिकशास्त्रातील प्रश्नाच्या भाषेचे बारकाईने वाचन करू शकाल;
• आपल्या परिसरात अभ्यासाची बैठक भरवू शकाल.

मूळ पाठ

१. शेजारच्या वसाहतींची नावे

दक्षिण दिल्लीत अरविंद मार्गापासून जवळच, दिल्ली हाटच्या परिसरात लक्ष्मीबाई नगर ही सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत आहे. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे नाव तिने धारण केले आहे. या भागातील इतर वसाहतींची नावेही अशीच आहेत: सरोजिनी नगर, नेताजी नगर, किडवाई नगर. त्यांतच एक नाव आहे नौरोजी नगर. दादाभाई नौरोजी थोर देशभक्त आणि अर्थचिंतक म्हणून आपल्याला परिचित आहेत. तरुणपणी ते मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवीत असत, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. त्या काळी भौतिकशास्त्राला 'नैसर्गिक तत्त्वज्ञान' असे म्हणत. या विषयाच्या प्राध्यापकपदी नेमले गेलेले ते त्या संस्थेतील पहिले भारतीय होत.

या संस्थेतील शिक्षक व विद्यार्थी यांनी १८४८ साली 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' या नावाची सभा स्थापन केली. दादाभाई तेव्हा अवघे बावीस वर्षांचे होते. सभासदांनी निबंध वाचावेत, त्यांवर इतरांनी शंका विचाराव्यात, अशी सभेची रीत होती. पुढे तिच्या मराठी व गुजराती शाखा निघाल्या. मराठी शाखेचे अध्यक्षपद व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांनी भूषविले. १८४९ साली सभासदांनी मुलींसाठी शाळा काढल्या आणि त्यांत ते स्वतः विनामूल्य शिकवू लागले. मराठी मुलींच्या शाळेसाठी जगन्नाथ शंकरशेट यांनी जागा दिली.

आज या घटनेकडे पाहिले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. त्या तरुणांपैकी पुष्कळजण स्वतःच अजून शिकत होते. पूर्ण विद्वान होईपर्यंत ते थांबले नाहीत. जे काल कळले ते आज दुसऱ्याला, आणि तेही आपल्या भाषेत सांगायचे, असा त्यांचा परिपाठ होता. दुसऱ्याला सांगायचे म्हणून त्यांना ते अधिक नीट समजून घ्यावे लागले.

२. घोकून घेणे आणि समजावून देणे

विद्यार्थ्याने विद्यार्थ्याला शिकवण्याची पद्धत याहूनही जुनी आहे. पंतोजींच्या शाळेत मोठी मुले लहानांकडून पाढे म्हणवून घेत आणि धुळाक्षरे गिरवून घेत. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासमधील एका अनाथ मुलांच्या शाळेची व्यवस्था पाहणारे अँड्र्यू बेल यांनी ही रीत तेथे वापरली आणि १७९७ साली तिच्यावर पुस्तक लिहिले. पुढे इंग्लंडमध्ये ही रीत 'मद्रास पद्धत' म्हणून प्रसिद्धीस आली. थोड्या शिक्षकांत पुष्कळ मुलांची सोय व्हावी, हा तिचा मुख्य उपयोग होता.

पाढे, अक्षरे, व्याख्या यांसाठी ही पद्धत पुरेशी होती. भौतिकशास्त्राच्या उदाहरणांना मात्र घोकंपट्टी पुरत नाही. याबाबत माझा स्वतःचा अनुभव सांगण्याजोगा आहे. अकरावीत असताना माझा एक हुशार मित्र सर्व उदाहरणे सोडवी आणि मोठ्या मनाने आपली वही मला देई. मी ती सुवाच्य अक्षरात उतरवून घेत असे. माझी वही त्याच्या वहीपेक्षाही सुंदर दिसे! वार्षिक परीक्षेत त्यांतलेच एक उदाहरण आले. फक्त वर फेकलेल्या चेंडूऐवजी खाली सोडलेला दगड होता. पहिली ओळ काय लिहावी हेच मला सुचेना. मित्राने मला उत्तरे दिली होती. त्या उत्तरांपर्यंत तो कोणत्या वाटेने पोहोचला, हे मी त्याला कधी विचारले नव्हते आणि त्यालाही ते सांगावे असे कधी वाटले नव्हते. त्या वर्षी त्या विषयात मी अनुत्तीर्ण झालो.

मित्राचा हेतू चांगला होता. पण उत्तर हातात ठेवणे म्हणजे मदत करणे नव्हे, हे आम्हा दोघांनाही तेव्हा माहीत नव्हते.

पाठगत प्रश्न १

रिकाम्या जागा भरा.
(अ) 'नैसर्गिक तत्त्वज्ञान' म्हणजे आजचे ……… होय.
(आ) १८४८ साली स्थापन झालेल्या सभेच्या मराठी शाखेचे अध्यक्ष ……… हे होते.
(इ) अँड्र्यू बेल यांनी वापरलेली रीत पुढे ……… या नावाने प्रसिद्ध झाली.

३. ट्रक आणि मोटार

आता एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. लक्ष्मीबाई नगरमधील एका घरात रविवारी सकाळी तिघेजण अभ्यासाला बसले आहेत. पंचेचाळिशीच्या काकू आहेत. मुले मोठी झाल्यावर त्यांनी पुन्हा शिक्षण सुरू केले आहे. सरोजिनी नगरच्या बाजारात दुकानात काम करणारा तिशीतला दादा आहे. आणि आजारपणामुळे शाळा सुटलेली अठरा वर्षांची मुलगी आहे. समोर प्रश्न आहे: 'दहा हजार किलोग्रॅमचा ट्रक आणि एक हजार किलोग्रॅमची मोटार यांची समोरासमोर टक्कर झाली. कोणी कोणावर अधिक बल लावले?'

दादा : यात विचार कसला करायचा? ट्रकने जास्त बल लावले. मोटारीचा पार चेंदामेंदा होतो, ट्रकला ओरखडा येतो. रोज बघतो आपण.

मुलगी : पण दादा, न्यूटनचा तिसरा नियम काय सांगतो? क्रिया आणि प्रतिक्रिया समान असतात ना?

दादा : नियम पुस्तकात खरा गं. इथे ट्रक दहा पट जड आहे, त्याचं काय?

काकू : थांब रे जरा. मला एक सांग, बल आणि नुकसान या एकच गोष्टी आहेत का? मी एकाच जोराने भरलेल्या सिलिंडरला ढकललं आणि रिकाम्या डब्याला ढकललं, तर दोन्ही सारखेच सरकतील?

दादा : नाही. डबा लांब जाईल.

मुलगी : म्हणजे बल तेच, पण वस्तुमान कमी असेल तर त्वरण जास्त. काकू, तुम्ही तर दुसरा नियमच सांगितलात!

दादा : अच्छा. म्हणजे दोघांवर बल सारखंच. मोटार दहा पट हलकी, म्हणून तिचं त्वरण दहा पट. तिचा वेग एकदम बदलतो म्हणून तिचे हाल होतात. माझी चूक कळली. मी परिणाम पाहिला आणि त्यालाच बल समजलो.

या संवादात काय घडले ते पाहा. मुलीला नियम पाठ होता, पण त्याने दादाचे समाधान झाले नाही, कारण त्याचा रोजचा अनुभव त्या नियमाच्या विरुद्ध बोलत होता. काकूंनी उत्तर सांगितले नाही. त्यांनी एक नेमका प्रश्न विचारला आणि दादाचाच दुसरा अनुभव त्याच्यासमोर ठेवला. शेवटी उत्तर दादाने स्वतःच्या तोंडाने सांगितले आणि आपली चूक कोठे होती हेही सांगितले. असे उत्तर सहसा विसरत नाही.

४. हार्वर्डमधील अनुभव

हा प्रसंग काल्पनिक असला तरी असाच अनुभव एका नामवंत विद्यापीठात प्रत्यक्ष आला. एरिक माझुर हे १९८४ पासून अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवीत होते. त्यांचे विद्यार्थी अवघड उदाहरणे सोडवीत. तेव्हा आपले अध्यापन उत्तम चालले आहे अशी त्यांची समजूत होती. १९९० च्या सुमारास त्यांनी विद्यार्थ्यांना बल व गती यांविषयी काही साधे, आकडेमोड नसलेले प्रश्न दिले. जड ट्रक आणि हलकी मोटार यांच्या टकरीसारखेच हे प्रश्न होते. सूत्रे वापरून लांबलचक गणिते करणारे पुष्कळ विद्यार्थी या साध्या प्रश्नांत अडखळले. तुम्ही शिकवले त्याप्रमाणे उत्तर लिहू की मला खरोखर वाटते त्याप्रमाणे, असे एका विद्यार्थिनीने त्यांना विचारले. त्या प्रश्नाने ते विचारात पडले.

पुढे एकदा एक संकल्पना त्यांनी दोन-तीन प्रकारे समजावून सांगितली, तरी वर्गातील चेहरे कोरेच राहिले. अखेर त्यांनी विद्यार्थ्यांना आपापसांत चर्चा करायला सांगितले. वर्गात एकच कोलाहल झाला, आणि काही मिनिटांतच बहुतेकांना उत्तर उमगले. असे का व्हावे? माझुर यांचे स्पष्टीकरण मनन करण्याजोगे आहे. ज्याला एखादी गोष्ट नुकतीच कळली आहे, त्याला आपण कोठे अडलो होतो हे आठवत असते. जाणत्या शिक्षकाला ती अडचण विसरून वर्षे लोटलेली असतात.

१९९१ पासून त्यांनी या अनुभवाला पद्धतीचे रूप दिले. आधी प्रश्न द्यायचा. प्रत्येकाने एकट्याने विचार करून उत्तर नोंदवायचे. मग शेजाऱ्याशी चर्चा करून त्याला आपले कारण पटवून द्यायचे. त्यानंतर पुन्हा उत्तर नोंदवायचे. पहिल्याच वर्षी विद्यार्थ्यांच्या आकलनातील वाढ आधीच्या तुलनेत जवळजवळ दुप्पट झाल्याचे चाचण्यांतून दिसले.

येथे एक शंका येईल. वर्गातील हुशार मुलाचे उत्तर इतरांनी केवळ ऐकून घेतले असेल तर? कोलोराडो विद्यापीठातील संशोधकांनी जीवशास्त्राच्या वर्गात याची तपासणी केली आणि २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. चर्चेनंतर त्यांनी त्याच तत्त्वावर आधारलेला, पण वेगळा प्रश्न प्रत्येकाला एकट्याने सोडवायला दिला. त्यातही विद्यार्थ्यांची प्रगती दिसली. ज्या गटांत सुरुवातीला कोणालाच बरोबर उत्तर येत नसावे, अशा गटांतील विद्यार्थीही चर्चेने बरोबर उत्तरापर्यंत पोहोचल्याचे त्यांच्या अभ्यासातून सूचित झाले. तुमच्या गटात कोणी 'हुशार' नसेल तरी बैठक व्यर्थ जात नाही, ही गोष्ट धीर देणारी आहे.

५. प्रश्न वाचण्याची कला

हा पाठ भाषेच्या पुस्तकात का, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर असे की, भौतिकशास्त्राच्या उदाहरणातील अनेक चुका गणिताच्या नसतात. त्या वाचनाच्या असतात. शास्त्राच्या भाषेत प्रत्येक शब्द मोजूनमापून आलेला असतो. 'विरामावस्थेतून' या एका शब्दात सुरुवातीचा वेग शून्य असल्याची माहिती असते. 'गुळगुळीत पृष्ठभाग' म्हटले की घर्षण विचारात घ्यायचे नसते. 'एकसमान वेग' म्हणजे त्वरण शून्य. हे शब्द ज्याच्या नजरेतून सुटतात, त्याला उदाहरणात माहिती कमी दिली आहे असे वाटते.

काही शब्द तर व्यवहारात एका अर्थाने आणि शास्त्रात दुसऱ्या अर्थाने येतात. डोक्यावर ओझे घेऊन सपाट फलाटावरून चालणारा हमाल घामाघूम होतो. व्यवहारात आपण म्हणतो, त्याने केवढे काम केले! शास्त्रात मात्र 'कार्य' होण्यासाठी बलाच्या दिशेने विस्थापन व्हावे लागते. हमाल ओझ्याला आधार देतो ते बल वरच्या दिशेने असते आणि तो चालतो आडव्या दिशेने. म्हणून त्या आधार देणाऱ्या बलाने ओझ्यावर केलेले कार्य शून्य असते. हे वाचून त्या हमालाच्या कष्टांचा अपमान झाला असे वाटण्याचे कारण नाही. एकाच शब्दाला दोन घरे आहेत, एवढेच येथे ओळखायचे असते.

म्हणून गटात उदाहरण घेताना प्रथम एकाने ते मोठ्याने वाचावे आणि दुसऱ्याने पुस्तक न पाहता स्वतःच्या शब्दांत सांगावे. निम्मे गैरसमज येथेच दूर होतात.

६. थांबणारी बस

आता आकडेमोडीचे एक उदाहरण पाहू. 'ताशी ५४ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या बसचे ब्रेक लावल्यावर तिला दर सेकंदाला सेकंदास १.५ मीटर इतके एकसमान मंदन प्राप्त होते. बस किती अंतरावर थांबेल?' मंदन म्हणजे वेग कमी करणारे त्वरण. सूत्र असे आहे: वेगाचा वर्ग करावा आणि त्याला मंदनाच्या दुपटीने भागावे.

आपल्या गटातील दादाने ५४ चा वर्ग २९१६ काढला, त्याला ३ ने भागले आणि उत्तर लिहिले: ९७२ मीटर. सूत्र बरोबर, भागाकारही बरोबर. काकूंनी मात्र वही पाहून मान हलवली.

काकू : अरे, जवळजवळ एक किलोमीटर? ड्रायव्हरने इथे ब्रेक दाबला तर बस पुढच्या थांब्याच्याही पलीकडे जाऊन उभी राहील! रोज बसने जाते मी.

मुलगी : दादा, वेग ताशी किलोमीटरमध्ये आहे आणि मंदन मीटर-सेकंदात. आधी एकके सारखी करायला हवीत.

ताशी ५४ किलोमीटर म्हणजे ३६०० सेकंदांत ५४,००० मीटर. म्हणजेच सेकंदाला १५ मीटर. १५ चा वर्ग २२५. त्याला ३ ने भागले की उत्तर येते ७५ मीटर. मुलीने ते दुसऱ्या वाटेने पडताळून पाहिले. वेग दर सेकंदाला १.५ मीटरने घटतो, म्हणून १५ वरून शून्यावर यायला १० सेकंद लागतात. या काळातील सरासरी वेग ७.५ मीटर. दहा सेकंदांत अंतर ७५ मीटर. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोहोचल्या.

एवढ्यावर न थांबता दादाने विचारले, 'आणि बस दुप्पट वेगाने असती तर?' मुलीने गणित केले: वेग ३० मीटर, त्याचा वर्ग ९००, भागिले ३, म्हणजे ३०० मीटर. वेग दुप्पट, पण अंतर चौपट! असे का, हे काकूंनी सांगितले: दुप्पट वेगाने असलेल्या बसला थांबायला वेळही दुप्पट लागतो, आणि त्या वेळात तिचा सरासरी वेगही दुप्पट असतो, दोन दुणे चार. रस्त्यावर वेगमर्यादा का पाळावी याचे कारणही त्यांना या उदाहरणात सापडले.

प्रौढ विद्यार्थ्यांनी येथे एक गोष्ट ओळखावी. काकूंना एककांचा नियम आठवला नव्हता. पण उत्तर अशक्य आहे हे सर्वांत आधी त्यांनीच हेरले. संसाराचा, बाजाराचा, प्रवासाचा अनुभव ही मोठ्या वयाच्या विद्यार्थ्याजवळची शिदोरी आहे. 'आमचे वय झाले, आता डोके चालत नाही' असे म्हणणाऱ्यांनी ती सोडून पाहावी.

७. मदतीच्या मर्यादा

एकत्र अभ्यासाचे हे गुण पाहिल्यावर त्यातील धोकेही पाहिले पाहिजेत. पहिला धोका आयत्या उत्तरांचा. गटातील एकाने सोडवायचे आणि इतरांनी उतरवायचे, असे होऊ लागले की बैठक संपली असे समजावे. दुसरा धोका मोठ्या आवाजाचा. जो ठामपणे बोलतो तो बरोबरच असतो असे नाही. तिघांचेही एकमत झाले तरी निसर्गाचा नियम बहुमताने ठरत नाही. म्हणून अखेरचा निर्णय पाठ्यपुस्तक, शिक्षक किंवा शक्य तेथे प्रत्यक्ष प्रयोग यांवरच सोपवावा. जे सुटले नाही ते टिपून ठेवून संपर्क वर्गात विचारावे.

तिसरी मर्यादा काळाची आणि स्थळाची आहे. परीक्षेच्या दालनात पाऊल ठेवले की परस्परांची मदत थांबते. तेथे दाखवलेली उत्तरपत्रिका हा गैरप्रकार ठरतो आणि त्याने दोघांचेही नुकसान होते. खरी मदत परीक्षेआधीच्या दिवसांत झालेली असते, आणि ती आपल्याबरोबर आत येतेच. अवघड प्रश्नापाशी थबकल्यावर 'अरे, एकके पाहिलीस का?' असा एखादा ओळखीचा आवाज मनात उमटतो. त्या आवाजाला कोणी मनाई करू शकत नाही.

८. बैठक कशी भरवावी?

तीन ते पाच जण पुरेत. आठवड्यातून एक वार व एक वेळ ठरवावी. प्रत्येकाने निवडलेली उदाहरणे आधी एकट्याने करून पाहावीत; न सुटलेली वही घेऊन येण्यात कमीपणा मानू नये. बैठकीत 'उत्तर काय आले?' हा प्रश्न शेवटी विचारावा. आधी 'कोठे अडले?' आणि 'असे का केले?' हे विचारावे. ज्याला कळले त्याने लेखणी हातात घेऊ नये. ज्याला कळायचे आहे त्याच्याच हातून ओळी लिहवून घ्याव्यात. समजावून झाल्यावर आकडे बदलून तेच उदाहरण प्रत्येकाने पुन्हा एकट्याने सोडवावे. आणि समजावणाऱ्याची पाळी दर वेळी बदलावी. समजावून सांगता सांगता आपल्याच ज्ञानातील फटी दिसू लागतात, आणि हा लाभ एकाच व्यक्तीच्या वाट्याला येऊ नये.

जवळपास सहाध्यायी नसेल तर घरातील कोणालाही समोर बसवावे. ऐकणाऱ्याला भौतिकशास्त्र येत नसले तरी चालते. त्याने फक्त 'मग पुढे?' आणि 'ते का?' एवढे विचारले तरी पुरे. आपल्याला सरळ भाषेत जे सांगता येत नाही, ते अजून पुरते समजलेले नाही असे खुशाल मानावे आणि पुस्तकाचे ते पान पुन्हा उघडावे.

तुम्ही काय शिकलात?

• जे नुकतेच शिकलो ते इतरांना सांगण्याची परंपरा आपल्याकडे १८४८ च्या सभेतही दिसते.
• उत्तर देण्यापेक्षा कारण विचारणे ही अधिक मोलाची मदत आहे.
• नुकतेच समजलेल्या व्यक्तीला अडचणीची जागा आठवत असते. म्हणून तिचे सांगणे सहज पोहोचते.
• प्रश्नातील शब्दांचा शास्त्रीय अर्थ ओळखणे ही उदाहरण सोडवण्याची पहिली पायरी होय.
• एकमत म्हणजे सत्य नव्हे. उत्तर पडताळून पाहिले पाहिजे.

पाठान्त प्रश्न

१. हुशार मित्राची वही उतरवूनही लेखक अनुत्तीर्ण का झाला? चार-पाच वाक्यांत लिहा.
२. ट्रक व मोटारीच्या संवादात काकूंनी दादाला कशी मदत केली? तिचे वेगळेपण स्पष्ट करा.
३. 'एकाच शब्दाला दोन घरे आहेत' या विधानाचा अर्थ पाठाच्या आधारे सांगा. असे आणखी दोन शब्द शोधा.
४. ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या स्कूटरला दर सेकंदाला सेकंदास २ मीटर मंदन मिळाले, तर ती किती अंतरावर थांबेल, हे सूत्र न वापरता घरातील एका व्यक्तीला समजावून सांगा. तिने विचारलेले प्रश्न लिहून काढा.
५. तुमच्या वस्तीत अभ्यासाची बैठक सुरू करण्याविषयी सहाध्यायींना आवाहन करणारे पत्र लिहा.

शब्दार्थ

सहाध्यायी – बरोबर शिकणारा
परिपाठ – नेहमीची रीत
धुळाक्षरे – धुळीवर बोटाने काढलेली अक्षरे
विरामावस्था – स्थिर असण्याची स्थिती
विस्थापन – सुरुवातीच्या जागेपासून शेवटच्या जागेपर्यंतचे सरळ अंतर, दिशेसह
मंदन – वेग कमी करणारे त्वरण
शिदोरी – प्रवासात बरोबर घेतलेले अन्न. येथे, अनुभवाची पुंजी

उत्तरे

पाठगत प्रश्न १ : (अ) भौतिकशास्त्र (आ) दादोबा पांडुरंग (इ) मद्रास पद्धत
पाठान्त प्रश्न ४ : २५ मीटर. (वेग सेकंदाला १० मीटर, थांबायला ५ सेकंद, सरासरी वेग ५ मीटर.)